भावनिक आरोग्य : असमाधानकारक

(महाडमधले एक वाचनालय. जूनचा पहिला आठवडा, सकाळ. विनोदिनीबाई, वय एक्क्याऐंशी, मानद ग्रंथपाल. गंगाधर, समितीचे अध्यक्ष, त्यांचे जुने विद्यार्थी. दारात जवळच्या नाते गावाहून आलेली बनुबाई.)

गंगाधर : ...आणि शेवटचं वाक्य असं आहे, बाई : "सदर ज्येष्ठ महिलेचे भावनिक आरोग्य असमाधानकारक असून तिला निराधार भीतीने ग्रासले आहे, सबब तिच्याकडे जबाबदारीचे काम ठेवू नये." मी काही म्हणत नाही. ज्येष्ठांच्या आरोग्य शिबिराचा अहवाल म्हणतोय.

विनोदिनी : अहवाल स्वतः बोलत नसतो, गंगाधर. तो कोणीतरी वाचून दाखवावा लागतो. भीती कोणती, तेही वाच.

गंगाधर : "पावसाळा जवळ येताच वाचनालयातील ग्रंथ वरच्या मजल्यावर हलविण्याची अनिवार ओढ."

विनोदिनी : मोठ्या पुरात या खोलीत पाणी कुठवर होतं?

गंगाधर : ते सगळ्यांना माहीत आहे.

विनोदिनी : शिबिर घेणाऱ्या पाहुण्यांना नव्हतं. त्यांनी प्रत्येकाला विचारलं, "पाऊस लागला की झोप उडते का?" महाडमध्ये! बत्तीस म्हाताऱ्यांपैकी एकोणतीस "हो" म्हणाले आणि एकोणतीसही भयगंडाचे रुग्ण ठरले. उरलेले तिघे निरोगी. ते मार्चमध्ये इथे राहायला आले आहेत.

बनुबाई : मी पन हो बोलले. गांधारी नदी फुगली की झोपतंय कोन? झोपला तो खुळा.

गंगाधर : बनुबाई, जरा बाहेर बसा. समितीचं काम चाललंय.

बनुबाई : नात्याहून पयल्या एस्टीनं आलेय ती काय भायेर बसायला? वीस वर्सं झाली, पुस्तकं वर चढवायच्या दिशी रांगेत जिन्याची मधली पायरी माझी हाय. मला वाचता येत नाय, पन एक पुस्तक कदी हातातून पडलं नाय.

विनोदिनी : बसू दे तिला. दुसरा मुद्दा?

गंगाधर : "सदर महिला ग्रंथ हुंगताना आढळली."

विनोदिनी : आढळले. ओल आधी नाकाला कळते, डोळ्यांना फार उशिरा. हे वाक्य लिहिणाऱ्याचा ग्रंथांशी परिचय लांबूनच झालेला दिसतो. पुढे?

गंगाधर : "स्वभाव हट्टी."

विनोदिनी : हे निरीक्षण अचूक आहे. तेवढ्या ओळीखाली मी सही करते.

गंगाधर : चिडू नका, बाई. आयुष्यभर केलंत. आता आराम करा. सत्कार करू, शाल देऊ, तुमचं छायाचित्र लावू.

विनोदिनी : भिंतीवर? मी अजून खुर्चीत आहे, गंगाधर. आणि चिडलेली नाही. चिडले असते तर इतका वेळ तुझं ऐकलं नसतं. वयाने माझे गुडघे नेले, उजवा कान नेला, ते मी कबूल करते. पण लोक काय म्हणतील ही धास्तीही त्याच वयाने नेली, आणि त्या लाभाला तुझ्या अहवालात रकाना नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी म्हातारपण आणखी दहा वर्षं हौसेने वागवीन. किल्ली माझ्याकडे राहील. पुस्तकं आज वर जातील.

गंगाधर : ठराव लिहून आणलाय मी. किल्ली द्यावीच लागेल.

बनुबाई : भाऊ, एक इचारू? मोठ्या पुराच्या वर्षी मी अशीच आलेली, तर दाराला कुलूप. "यंदा चढवायची नाय, काचेच्या नव्या कपाटांचं उद्घाटन हाय, पावने येऊन जाऊंदे." हा निरोप कुनाचा व्हता?

विनोदिनी : बनू, तो विषय नको.

बनुबाई : का नको? सातशे पुस्तकं गेली. हाताला लागली तेवढी मी टेंपोत घालून नात्याला नेली, चुलीवरच्या माळ्यावर सुकवली. आनि बाई, तुमी कागदावर काय लिवलंत?

विनोदिनी : "नैसर्गिक आपत्तीमुळे."

गंगाधर : माझं नाव का नाही घातलंत, बाई? इतकी वर्षं विचारायचं होतं.

विनोदिनी : दोन दिवस तू त्या चिखलात अनवाणी पुस्तकं चाचपत होतास. मी पाहत होते. त्याउपर कागदावर लिहिण्याजोगं काही उरलं नव्हतं. आता माझा प्रश्न. मी त्या शिबिराला आपण होऊन गेले नाही. मला बोलावणं आलं. नाव कोणी दिलं?

गंगाधर : मी.

विनोदिनी : का?

गंगाधर : ते इतिवृत्तात यायला नको.

विनोदिनी : ठरावाला कारण लागतं. सातवीत तुला निबंध शिकवला तो मीच. कारणाशिवाय निष्कर्ष लिहिलास तर आजही गुण कापीन.

बनुबाई : पानी घ्या, भाऊ. हितं कोन परकं नाय.

गंगाधर : ठराव राहू द्या, बाई. मागे घेतला. किल्ली तुमच्याकडेच असू दे. ती इतिवृत्ताची वही द्या इकडे. बोलता नाही यायचं मला, लिहून देतो.

विनोदिनी : सावकाश लिही.

बनुबाई : झालं? काय लिवलंनी, बाई? मला बी कळूंदे.

विनोदिनी : वाचू का, गंगाधर?

गंगाधर : वाचा.

विनोदिनी : "दर जूनला बाई पुस्तकं वर चढवू लागल्या की मला ते कुलूप आठवतं, आणि मी आठवडाभर या गल्लीतून जात नाही. त्या घरी बसल्या असत्या तर मला सरळ रस्त्याने येता आलं असतं. शिबिरात त्यांचं नाव मी त्यासाठी घातलं."