साहेबांचा ढिम्म लॅपटॉप

नाही, मला एक सांगा, बंद पडलेल्या वस्तूला चापट मारली की ती चालू होते हा शोध लावला कुणी? मला भेटायचंय त्या माणसाला. कारण तुम्हाला सांगतो, त्या शुक्रवारी सकाळपासून आमच्या बदलापूर गावातल्या घरात जो येत होता तो लॅपटॉपला एक चापट मारून चहा पिऊन जात होता! आणि लॅपटॉप कुणाचा? माझा? अहो, अठ्ठ्याण्णव साल ते... आमच्या आळीत फोन दोघांकडे, तिथे लॅपटॉप कुठला! साहेबांचा होता. अंबरनाथच्या आमच्या केमिकल कंपनीच्या साहेबांचा. जुना, पाट्यासारखा जड, बॅटरी केव्हाच मेलेली, वायर लावली तरच चालणार. साहेब म्हणाले, "शिवराम, दसऱ्याच्या सुट्टीत घरी ने, शीक, आणि शनिवारी मला त्यावर एक पत्र टाइप करून दाखव. जमलं तर कंप्युटरची खुर्ची तुझी. नाही जमलं तर ऑफिसातला चंदू आहेच."

आता खुर्ची म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. मी गेली कित्येक वर्षं गेटजवळच्या वजनकाट्यावर उभा. ट्रक आला, वजन लिही, ट्रक गेला, खोक. डोक्यावर पत्रा, नाकात ॲसिडचा वास. आणि कंप्युटर कुठे? एसी केबिनमध्ये! एसी माणसासाठी नाही हां, कंप्युटरसाठी. पण त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला काय एसी वगळतो? मला ती खुर्ची हवी होती. मनापासून हवी होती. खोटं कशाला बोलू?

गुरुवारी दसरा झाला. शुक्रवारी सकाळी आंघोळ करून बसलो, वायर लावली, बटण दाबलं... ढिम्म!

बायको, वेणू, आतून म्हणते, "अहो, शुक्रवार आहे, लाइट गेली असेल. आधी समोर बनूबाईंकडे बघा." बरोबर आहे, आमच्याकडे शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी आणि लायटीलाही सुट्टी. खिडकीतून बघितलं तर बनूबाईंचा पंखा गरगर फिरतोय, वर त्याच मला विचारतायत, "काय शिवराम, तुमच्याकडे गेली काय?" म्हटलं नाही, आहे. "मग बघताय काय आमच्या घरात?" खिडकी लावली! प्लग बदलला, मिक्सरच्या बोर्डला लावला, टीव्हीच्या बोर्डला लावला... बटण दाबलं... ढिम्म!

मग शेजारचे शंकरराव आले. रिटायर्ड फिटर. त्यांनी लॅपटॉप उलटा केला, कानाला लावला, चांगला वेळ ऐकला आणि म्हणाले, "आत काही बोलत नाही." अहो, तो बोलत असता तर तुम्हाला बोलावलं असतं का? "एक ठोका देऊ?" असं विचारेपर्यंत दिलासुद्धा! बटण दाबलं... ढिम्म!

समोरच्या पीसीओवरून साहेबांना फोन लावला. म्हटलं, सर, जरा बंद पडलाय, सोमवारी आणला तर... साहेब शांतपणे म्हणाले, "उद्या चालू स्थितीत आण, शिवराम. चंदूला मी निरोप देऊन ठेवतो." ठेवला फोन. माझा वजनकाटा माझ्या डोळ्यांसमोर आला.

मग काय, शंकररावांची स्कूटर, मी मागे, मांडीवर वेणूच्या शालीत गुंडाळलेला लॅपटॉप, रस्त्यातला माणूस वळून बघतोय की बाळ कुणाचं म्हणून... आणि गाठलं उल्हासनगर! तिथे सिंधी लछमनसेठ. रेडिओ, मिक्सर, इस्त्री, सगळं दुरुस्त करतो, आणि काम चालू असताना बोलणं थांबवत नाही. "आओ साईं, बैठो साईं! अरे वडी, ये तो बाहर का माल है, साईं!" उघडलादेखील नाही! नुसता वास घेतला. "साईं, मदरबोर्ड गया. बिलकुल ठंडा. अब इसको पार्ट में बेच दो, मेरे को दे दो, तुम्हारा टेन्शन खतम." अहो, टेन्शन खतम कसं होईल, लॅपटॉप साहेबांचा! मी शाल गुंडाळली आणि परत आलो.

घरी आलो तर आई, सगुणाबाई आमच्या, दारात. "काय रं बाला, चालला का यंतर?" म्हटलं, नाही गं. "कसा नाय चालंल? काल मी पुजलाय!" आता हे ऐका... दसऱ्याला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पुजतात. कोयता, विळी, शिलाई मशीन, माझी सायकल, आणि त्यांच्या रांगेत साहेबांचा लॅपटॉप! हळद, कुंकू, फूल, अक्षता, सगळं साग्रसंगीत. मीच म्हटलं होतं तिला, आई, याचीही कर, माझ्या खुर्चीचं बघ. ती बिचारी डोळे मिटून पुटपुटत होती आणि मूठभर अक्षता उधळत होती.

वेणूने तेवढ्यात वायर हातात घेतली आणि म्हणाली, "अहो, ही पिन पूर्ण आत जातच नाहीये." म्हटलं, तशीच असते. "कशावरून?" आता मला काय माहीत कशावरून! तिने केसातला आकडा काढला, त्या चार्जरच्या भोकात घातला, जरा टोकरलं, आणि तुम्हाला सांगतो, कुंकवाने लाल लाल झालेला एक तांदळाचा दाणा बाहेर! एकच दाणा! वायर लावली, बटण दाबलं... दिवा लागला! आत काहीतरी घरघरलं, मी वेणूकडे बघून हसलो, वेणू माझ्याकडे... आणि आई पुढे होऊन म्हणते, "तो दाना टाकू नगं, देवाचा परसाद हाय." तिला काय सांगणार, की आई, तुझा हा परसाद माझी खुर्ची खाणार होता? एवढ्या मायेने केलेली पूजा! मी गुपचूप दाणा कपाळाला लावला आणि गिळला.

शनिवारी साहेबांसमोर पत्र टाइप केलं. एक एक अक्षर शोधत, पण केलं! साहेब म्हणाले, "चालू कसा केलास?" आता आकडा आणि अक्षता कुठे सांगू? मी म्हटलं, "सर, पॉवरच्या मार्गात अडथळा होता, तो काढला." छाती पुढे! साहेबांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "शिवराम, टाइप कुणीही करेल रे. बंद पडलेलं चालू करणारा माणूस मिळत नाही. कंप्युटरवर चंदू बसेल. तू काट्यावरच राहा, पण कंपनीतलं काहीही बंद पडलं की हाक मारू."

तेव्हापासून कंपनीत पंखा बंद, घंटा बंद, पाण्याची मोटर बंद, शिवराम! चंदू एसीत बसून फोन करतो, "शिवरामदादा, जरा येता का, बटण दाबतोय... ढिम्म!"

त्या शनिवारी संध्याकाळी घरी आलो तर आई दारातच उभी. "काय रं बाला, झाला का काम? मी देवाला सांगितला व्हता."

म्हटलं, "झालं गं आई. चंदूचं."