अक्रोडाचा बुंधा

तिबिलिसीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आर्मेनियाची शुशानिक आणि अझरबैजानची सोना, दोन म्हाताऱ्या, नंबराची वाट पाहत बसलेल्या तरुण नुत्साच्या शेजारीच बोलायला लागल्या. नुत्साने पटकन कानातली गाणी बंद केली. एकही शब्द सुटता कामा नये!

"गाव कुठलं तुमचं?"

शुशानिकने नाव सांगताच सोना गर्रकन वळली.

"अगं बाई, ते तर आमचं जुनं गाव! तुमच्या-आमच्या लोकांत दंगली झाल्या तेव्हा आपल्या दोन गावांनी घरांची अदलाबदल केली ना?"

"म्हणजे तुम्ही आमच्या गावात?"

"पस्तीस वर्षं. एकमेकांच्या कबरी राखायचा शब्द होता, तो पाळतोय. तुमचं कोण आहे तिथं?"

"आई. दगडावर डाळिंब कोरलंय."

"तिथलं गवत मीच काढते! आणि माझे वडील? अक्रोडाखालचे?"

शुशानिक जरा घुटमळली.

"अक्रोड तोडला, बाई. लढाईच्या त्या हिवाळ्यात वीज नव्हती, लेकरं गारठली होती."

"मग कबर ओळखायची कशी?"

"बुंधा आहे ना अजून. संध्याकाळी त्यावरच बसून विणते मी."

"रोज?"

"पाऊस नसला की."

"मग बसत जा गं. त्यांना एकट्याला कधी करमलंच नाही."