डागणाऱ्याचा हात

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक विचारतो, मनाशीच उत्तर द्या. भल्यासाठी दिलेला चटका — तो भलाच असतो का? मागचे आजोबा तर आत्ताच मान डोलवायला लागले! डोलवा. शेवटी पुन्हा विचारीन.

हं, ऐका! डोंगरकडेच्या एका गावात तात्याबा खरमाटे नावाचा म्हातारा. हाताला गुण — पंचक्रोशीत ख्याती! बैल लंगडला, चला तात्याबाकडे. म्हैस चारा खाईना, चला तात्याबाकडे. तात्याबा काय करी? गोवऱ्यांच्या विस्तवात विळा लाल करी आणि डाग देई — चर्रर्र! घेत काही नसे हो. पान दिलं तर खाई. धर्मकार्यच म्हणायचं! आणि डागलेलं जनावर? ते आपल्या घरी जाई. पुढे त्याचं काय झालं, हे बघायला तात्याबा कधी गेला नाही.

त्याचा स्वतःचा एक बैल होता, शेंदऱ्या. बायको गेल्यापासून म्हातारा बोले तो ह्याच्याशीच. अर्धी भाकरी स्वतःला, अर्धी ह्याला! एकदा जुवाखाली शेंदऱ्याचा खांदा सुजला. तात्याबानं विळा तापवला. "सोस रे लेकरा, तुझ्याच भल्यासाठी!" — चर्रर्र! एक नाही, पाच डाग!

चौथ्या दिवशी खांदा फुटला. पू, माशा, अळ्या! बैल बसला तो उठेना. मग गेला म्हातारा जनावरांच्या दवाखान्यात. आपण देवाकडे आणि डॉक्टरकडे शेवटीच जातो ना? वसुधाताई डॉक्टरीणबाई आल्या. लेकीच्या वयाच्या. खाली बसून जखम नीट बघितली.

"बाबा, सूज औषधानं आणि विश्रांतीनं उतरली असती. आता मला आधी भाजल्याचं औषध करायचंय."

"पण बाई, डागल्यावर जनावर लगेच गप होतं की!"

"गप होतं, बाबा. बरं होत नाही. नवी कळ मोठी झाली की जुनी विसरतं."

अरारारा! चाळीस वर्षं ज्याला गुण म्हटलं, तो हा!

बाईंनी दुखणं कमी व्हायची सुई टोचली, अळ्या वेचल्या, मेलेलं कातडं कापलं, जखम धुऊन मलम लावलं. म्हणाल्या, "आता हे रोज तुम्ही करायचं." तात्याबानं केलं. दीड महिना! धुताना त्याला एकेक मुकं जनावर आठवे. ह्याची गाय, त्याचा गोऱ्हा. ढसाढसा रडे हो!

शेंदऱ्या वाचला. — थांबा, टाळ नको! ही आनंदाची गोष्ट नाही.

बैल उभा राहिला, त्या दिवशी तात्याबानं भाकरी पुढे केली. हात दिसताच शेंदऱ्या थरथरत मागे सरला — दावं ताणेपर्यंत! म्हातारा भाकरी खाली ठेवून लांब गेला, तेव्हा कुठे खाल्ली. मरेपर्यंत तसंच. त्या हातातून पुन्हा कधीच नाही!

विळा तात्याबानं विहिरीत टाकला. पण हात कुठे टाकणार?

आता सांगा, आजोबा! मान का थांबली? विळे आपल्याकडेही आहेत. "तुझ्याच भल्यासाठी बोलतो" म्हणत लेकाला चटका दिला, सुनेला दिला. ती गप झाली. आपण म्हणालो, गुण आला! मंडळी, घरी गेलात की डोक्यावरून फिरवायला हात हळूच पुढे करा. कोण मागे सरतं, ते बघा. सरलं तर रागावू नका. भाकरी खाली ठेवा आणि लांब उभे राहा.