लालीला मोकळं का ठेवतात

प्रेमा : मी आत फोन घ्यायला गेले, तेवढ्यात लालीला खांबाला कोणी बांधलं, सुदामभाऊ?

सुदाम : मीच बांधली. घोडी जवळ येत नाय म्हणून माझी पोरगी रिंगणात उभी राहून रडते आन् तुमी नुसत्या बघत राहता. बैल एका जागी थारत नाय तर आमी दावं लावतो. घोडी काय वेगळी?

प्रेमा : पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इथे घोडीवर बसायचं नाही आणि तिला बांधायचं नाही. ती मोकळी असते म्हणून तिच्या जवळ येण्याला अर्थ आहे. माणसाच्या अंगातली भीती तिला आपल्याआधी कळते. ती लांब गेली की मी रंजिताला विचारते, आत्ता तुला काय होतंय? तिथून आमचं काम सुरू होतं.

सुदाम : दीड महिना झाला. दर शनिवारी शेणव्याहून किन्हवलीला आणतो. घरात हो-नायच्या पुढं बोलत नाय ती. आन् उद्या सकाळी वाशिंदहून सासरवाले न्यायला येतायत. आज काय ते उरका आन् तिला नांदायला जाऊ द्या.

प्रेमा : नांदायला धाडण्यासाठी मी समुपदेशन करत नाही.

सुदाम : मंग कशासाठी करता?

प्रेमा : तिला काय हवंय ते तिला सांगता यावं म्हणून. मी बाहेर आले तेव्हा लाली कशी मान झटकत होती, दिसलं नाही तुम्हाला?

सुदाम : दिसलं. मंग रंजितानंच दावं सोडलं, मला ढकलून. आजवर बापाच्या अंगाला हात लावला नवता तिनं. हेच शिकवता का इथं?

रंजिता : म्याडमना नको बोलू, बाबा. मला बोल.

सुदाम : तूच बोल. काय झालं वाशिंदला? चार महिने विचारतोय.

रंजिता : तो कामावर जाताना बाहेरनं कडी लावायचा. रोज. तो येईपर्यंत मी आतच.

प्रेमा : रंजिता, थांबावंसं वाटलं तर थांब.

रंजिता : नाय थांबायचं. बाबा, दिवाळीला आलेली तवाच तुला सांगितलेलं. तू काय बोललास?

सुदाम : आता मला काय आठवतंय?

रंजिता : आठवतंय तुला.

सुदाम : बोललो की, फ्याक्टरीची वस्ती, परकी माणसं. कडी असलेली बरी.

रंजिता : तवाच राग आलेला मला. गिळला. परत जाऊन तीन महिने आत बसले.

सुदाम : तुझ्या भल्यासाठीच बोललो गो.

रंजिता : लालीला पण भल्यासाठीच बांधलीस.

सुदाम : म्याडम, तुमी समजवा हिला.

प्रेमा : ती तुमच्याशी बोलतेय, सुदामभाऊ. मी मधे येणार नाही.

रंजिता : वाशिंदला फोन लाव.

सुदाम : घरी जाऊन लावतो.

रंजिता : इथंच लाव. माझ्यासमोर.

(सुदाम खिशातून फोन काढतो. बराच वेळ नुसती रिंग जाते.)

सुदाम : हॅलो... शेणव्याहून सुदाम बोलतोय. हां, उद्याचंच. नका येऊ... नाय, तब्येत बरी हाय तिची. तिला यायचं नाय.