बंद पुडके, नग एक

आदरणीय अध्यक्ष महोदय, मुख्य कार्यालयातून मुद्दाम आलेले उपसंचालक साहेब, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आपले आवककाका, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणजे आपल्या वहिनी, आणि चहाची वेळ होऊनही जागेवरून न उठलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आधी एक खुलासा करतो. काकांचं मानपत्र मुख्य कार्यालयाने आठ दिवसांपूर्वीच ईमेलने पाठवलं, पण झिप फाईलमध्ये. ती आज सकाळी उघडली. कोणी उघडली? काकांनीच. स्वतःचं मानपत्र स्वतः उघडून, छापून, त्यावर 'प्राप्त' असा शिक्का मारून त्यांनी ते अध्यक्षांच्या हाती दिलं. कार्यालय असावं तर असं!

आवक-जावकच्या टेबलावर काका एकोणतीस वर्षं बसले. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर, तारीख, शिक्का. ईमेल आले तरी त्यांनी पद्धत मोडली नाही. ते छापायचे आणि शिक्का मारायचे. पुढे मुख्य कार्यालय महिन्याची सगळी पत्रं एका झिप फाईलमध्ये कोंबून पाठवायला लागलं. ती आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडेना. मग काकांनी काय करावं? पडद्यावरचं त्या फाईलचं चित्रच छापलं, शिक्का मारला आणि नोंदवहीत लिहिलं, "बंद पुडके, नग एक."

हसा, हसा. मीही हसलो होतो.

काकांनी ती फाईल उघडणारं सॉफ्टवेअर टाकण्यासाठी रीतसर अर्ज केला. कॉम्प्युटरवर काहीही टाकायचं तर आस्थापना अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. हा अधिकारी कोण? तुमच्यासमोर माईक धरून उभा आहे तोच. मी शेरा मारला, 'चर्चा करावी.' काका चर्चेला आले की मी मीटिंगमध्ये, मी मोकळा झालो की काका रजेवर. दुसरा अर्ज, तोच शेरा. तिसऱ्या अर्जानंतर मी मुख्य कार्यालयाला कळवलं, सॉफ्टवेअर तुम्हीच पाठवा. त्यांनी तत्परतेने पाठवलं. झिप फाईलमध्ये. काकांनी नोंद केली, "बंद पुडके, नग एक." उपसंचालक साहेब, हे आपल्या आधीच्या साहेबांच्या काळातलं आहे. आपण निवांत पाणी प्या.

महत्त्वाचं असेल ते कागदावर येईलच, असं मी सगळ्यांना सांगायचो. काकांनाही. वहिनी गावच्या शाळेत शिक्षिका, काकांच्या आई अंथरुणाला खिळलेल्या, आणि काका इथे भाड्याच्या खोलीत. शनिवारी पाच तासांची बस, सोमवारी पहाटे परत. बदलीचा अर्ज त्यांनी केला होता. दर महिन्याला विचारायचे, "साहेब, माझं काही आलं का हो?" सगळी आवक ज्याच्या हातून जाते, तो माणूस हे मला विचारायचा! मी म्हणायचो, "येईल की, एवढी घाई कसली?"

मागच्या मंगळवारी वहिनी काकांचं टेबल आवरायला आल्या. नोंदवही चाळून म्हणाल्या, "अहो, एवढी पुडकी बंदच? शाळेत आम्ही निकाल असेच तर उघडतो!" बसल्या खुर्चीत. सॉफ्टवेअर डाउनलोड केलं. 'पुढे', 'पुढे', 'मान्य', झालं. चार मिनिटं. तेही परवानगीशिवाय! मी शेजारीच उभा होतो, पण हरकत घ्यायचं सुचलंच नाही. मग त्या एकेक पुडकं सोडायला लागल्या. एकातून परिपत्रक निघालं, 'यापुढे झिप फाईल पाठवू नयेत.' आम्ही सगळे खो खो हसलो. पुढच्यातून काकांच्या बदलीचा आदेश निघाला. त्यांच्याच गावी. सात वर्षांपूर्वीचा. खाली ओळ होती, 'पंधरा दिवसांत हजर न झाल्यास बदली नाकारली असे समजण्यात येईल.'

वहिनींनी तो दोनदा वाचला. "आई होत्या तेव्हाचा हा," एवढंच म्हणाल्या. काकांच्या आईंनी चार वर्षांपूर्वी एका बुधवारी डोळे मिटले. काकांची बस शनिवारची होती.

काकांनी आदेश छापला, शिक्का हातात घेतला आणि शांतपणे मला विचारलं, "साहेब, तारीख आजची टाकू की तेव्हाची?"

 

अध्यक्ष महोदयांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. भाषण संपवताना चुकलंमाकलं पोटात घाला म्हणायची रीत आहे. पण वहिनी, माझी चूक भाषणातली नाही, सात वर्षांची आहे. म्हणून माफीचा अर्ज लेखी आणलाय. हा घ्या. तुम्ही माराल तो शेरा मला मान्य आहे. फक्त 'चर्चा करावी' एवढं लिहू नका.