नानाचं पोटाचं औषध

नाना तत्त्वज्ञानाचा प्रोफेसर खरा, पण तुम्ही त्याला पाहायला हवं होतं ते सुटीत! नागपूरहून मेहकरला आला, की कुठं गाणं आहे एवढं कळायचा अवकाश, लगेच गाडी जुंपायला लावायचा. सोबत व्हिस्की. घरच्यांच्या धाकानं तिला ‘पोटाचं औषध’ म्हणायचा.

एकदा डोणगावचं गाणं ऐकून आम्ही रहीमचाचांच्या बैलगाडीतून परत येत होतो. दोन घोट झाल्यावर नानानं चाचांना विचारलं, “चाचा, मानूस येते कुठून, जाते कुठं?”

तेवढ्यात एक बैल खालीच बसला. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं.

“नानासायेब, थे औषध द्या!”

“चाचा, थे मान्साचं हाये!”

“पोट तं पोटच असते ना!”

चाचांनी अख्खी बाटली बैलाच्या घशात ओतली. नानाचे डोळे भरून आले. घटकाभरानं बैल उठला आणि गाडी ओढत थेट मेहकरच्या गोठ्यापाशी येऊन थांबला.

चाचा गाडीतून उतरत म्हणाले, “नानासायेब, तुमी दोन घोटांत इचारता, कुठून आलो, कुठं चाललो. ह्यानं आक्खी बाटली पेली, पन घरचा रस्ता कोनाले नाई इचारला.”