निकोलसची मूठ

क्रिस्टीना : नाही मम्मी, दूध पाजून काही होणार नाही. डॅडींच्या अंगात कॅल्शियम कमी नाहीये.

ग्लोरिया : मग डॉक्टर सारखे कॅल्शियम, कॅल्शियम काय म्हणत होते?

क्रिस्टीना : ते स्नायूच्या पेशीतलं. मूठ आवळायची असली की पेशीत कॅल्शियम सुटतं. मूठ सोडायची तर ते सगळं पुन्हा पेशीतल्या पिशवीत भरावं लागतं. त्यासाठी बारीक पंप असतात आणि त्यांना लागणारी ताकद मायटोकाँड्रिया बनवतात. मी लॅबमध्ये हेच तर बघते.

निकोलस : म्हणजे माझी लाईट गेली?

क्रिस्टीना : लाईट आहे, डॅडी. मोटरच हळू चालते, जन्मापासून. जोर लावला की बोटं थोडा वेळ मिटलेलीच राहतात. परवा स्कूटरच्या ब्रेकवर राहिली, तशी.

ग्लोरिया : जन्मापासून? मग वटार गावच्या सणालाही हेच झालं असणार.

क्रिस्टीना : सणाला काय झालं होतं?

ग्लोरिया : रस्सीखेच होती. हे वटारकडून, शेवटचा गडी. मी निर्मळ गावची, सरबत वाटत होते. वटार जिंकलं, सगळ्यांनी दोर टाकला, पण ह्यांची मूठ उघडेना. पोरं हसायला लागली. मी ग्लास खाली ठेवले आणि एकेक बोट सोडवलं. दोर सुटला, तर ह्यांनी माझाच हात धरला. अख्ख्या मैदानाने पाहिलं.

निकोलस : मग माझे सॅन्टनकाका केळ्यांचा लोंगर घेऊन मागणी घालायला गेले.

ग्लोरिया : बाबांनी मला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? मी म्हटलं, एवढ्या लोकांत ज्याने हात सोडला नाही, तो पुढेही सोडणार नाही. आणि तो हात म्हणे पंपामुळे अडकला होता.

क्रिस्टीना : मम्मी, मला माहीत नव्हतं गं.

ग्लोरिया : तू खरं तेच सांगितलंस. मलाच आपलं उगाच वाटत राहिलं, इतकी वर्षं.

निकोलस : ग्लोरिया, तुझे बाबा मैदानाच्या त्या टोकाला, माडांखाली उभे होते. आपल्याला बघून चालत आले. ते येईपर्यंत माझी बोटं मोकळी झाली होती.

ग्लोरिया : मोकळी झाली होती?

निकोलस : केव्हाच.

ग्लोरिया : मग हात सोडला का नाही?

निकोलस : तू तरी कुठे ओढून घेतलास?